मेश्रामताईंच्या शेजारची जागा

मेश्रामताईंचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे बरं लिहीन, त्यावर वाचणाऱ्यांचा जरा जास्त विश्वास बसेल. राग नव्हता. राग असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते. हेवा पोटात ठेवून समोरच्या माणसाला हसतमुखानं आणखी एक पोळी वाढावी लागते, आणि ती मी बरीच वर्षं वाढली.

बाई दिसायला अगदी साध्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, सुती कुर्ता आणि त्यावर बारा महिने तेच निळं जॅकेट. जर्मनीत, गेर्लिंगेनच्या आमच्या ऑफिसात त्यांचं काम धातूला थकवण्याचं होतं. एखादा लोखंडी भाग यंत्रात अडकवायचा आणि तो तुटेपर्यंत हलवत ठेवायचा. "तुटला की मी घरी जाते," असं त्या आपल्या कामाचं वर्णन करत. लग्न केलेलं नव्हतं. नागपूरला भाऊ होता. त्याच्याशी रोज फोन व्हायचा. तो 'जय भीम'नं सुरू व्हायचा आणि 'औषध घेतलं का' या दरडावणीनं संपायचा. एका खोलीचं घर, खिडकीत बुद्धाची वीतभर मूर्ती, आणि मूर्तीसमोर फुलांऐवजी नेहमी एखादं फळ. ते फळ संध्याकाळी स्वतःच खायच्या. "त्यांना चालतं," म्हणायच्या.

आणि ही बाई शनिवार-रविवारी काय करायची? रोलर कोस्टरमध्ये बसायची.

सोमवारी कँटीनमध्ये जर्मन सहकारी डोंगर चढल्याच्या, सायकली हाणल्याच्या गोष्टी सांगायचे. मेश्रामताई शांतपणे सूप पीत म्हणायच्या, "मी आख्टरबानवर होते." आख्टरबान म्हणजे रोलर कोस्टरच. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, भाच्यांना वगैरे घेऊन गेल्या असतील. छे! एकट्या. पहाटेची गाडी पकडून, पाठीवर सॅक, सॅकमध्ये भाकरी आणि झुणका. आपल्या राज्यातले सगळे झाले तेव्हा शेजारच्या राज्यातले सुरू केले.

मी एकदा विचारलंच, "ताई, हे वेड लागलं कुठून?"

"आल्झो, म्हणजे असं बघ, ऐक," त्या म्हणाल्या. "नवीन आले होते तेव्हा रविवारी काय करायचं समजतच नव्हतं. दुकानं बंद. खिळा ठोकायचा नाही. कपड्यांचं मशीन लावलं तर शेजारणीनं दाराला चिठ्ठी लावली. मी म्हटलं, या देशात मोठ्यानं जगायची जागा कुठं आहे? मग सापडली. तिथं कितीही बोंबललं तरी कोणी चिठ्ठी लावत नाही."

आणि बोंबलायच्या! ऑफिसात ज्यांचा आवाज पुढच्या टेबलापर्यंत पोचत नसे, त्या बाई पहिल्या उतारावर "अबेऽऽ!" अशी आरोळी ठोकायच्या, की खाली बाकावर बसलेल्या मला ती बाकीच्या किंकाळ्यांतून वेगळी ऐकू यायची.

बाकावर मी असायचे. कारण त्यांच्या शेजारच्या जागेवर माझी मुलगी असायची.

ते सुरू झालं ऑफिसच्या फॅमिली डेला. राही तेव्हा आठ वर्षांची होती. मोठ्या कोस्टरसाठी उंची मोजायची फळी होती आणि राही तिच्यापेक्षा थोडी बुटकी भरत होती. आता पुण्यात वाढलेली आई अशा वेळी काय करते? डोकं चालवते. मी स्वच्छतागृहात नेऊन तिचे केस वर ओढले आणि टाळूवर असा टच्च अंबाडा बांधला, की पोरगी एकदम मोठ्या वर्गात गेली. सगळी रांग उभं राहून आम्ही पुढे पोचलो. फळीपाशी उभी असलेली जर्मन मुलगी हसली, तिनं एक सपाट लाकडी पट्टी काढली आणि अंबाड्यावर हळूच दाबली. अंबाडा बसला. राहीही बसली, तिथंच खाली, भोकाड पसरून.

आमच्या मागे रांगेत मेश्रामताई होत्या. तेव्हा आमची नुसती मान हलवण्यापुरती ओळख. त्या म्हणाल्या, "उंची केसांत नसते ना बाई." मग राहीसमोर उकिडव्या बसल्या आणि तिला म्हणाल्या, "मलाही नाही बसायचं आज याच्यात. ती अळी दिसते का? हिरवी? चल, तिच्यात बसू." इतका वेळ रांगेत काढून, अगदी दारापाशी येऊन, ही बाई सरळ बाहेर पडली आणि माझ्या मुलीचा हात धरून लहान मुलांच्या गुळगुळीत हिरव्या अळीत जाऊन बसली. गुडघे हनुवटीला टेकत होते. अळी ताशी काय वेगानं गेली असेल ती गेली, पण दोघी "अबेऽऽ" करून ओरडल्या. मी हातात रबरबँड घेऊन उभी होते. पोरगी त्याच दिवशी हातातून गेली.

पुढे राहीची उंची वाढली आणि महिन्यातला एक शनिवार मेश्रामताईंचा झाला. गाडी मी चालवायची, कारण मला सोडून त्यांना जाऊ देणं माझ्या जिवावर यायचं. नितीन म्हणजे माझा नवरा म्हणायचा, "अगं, तुला आयता वेळ मिळतोय, पुस्तक वाच, झोप काढ." त्याला काय जातंय! बाकावर सगळ्यांच्या पिशव्या घेऊन बसायचं आणि आपली लेक दुसऱ्या बाईच्या शेजारी हसताना बघायचं, हे त्यानं कधी केलं नव्हतं.

ताईंचा एक नियम होता. रांगेत फक्त मराठी. कारण विचारलं तर म्हणायच्या, "इथं रांगेत माणसं इतकी गप्प असतात, की कोणाबद्दल काही बोलायची सोयच नाही. मग आपली भाषा कशासाठी ठेवली आहे?" मग दोघींची चर्चा चालायची. पुढच्या माणसाच्या बुटांवर, मागच्या जोडप्याच्या भांडणावर, कोण आत्ता घाबरून परत फिरणार यावर पैजा. माझी राही, जिला मी मंडळाच्या शनिवारच्या मराठी शाळेत घातलं, जिच्यासाठी बडबडगीतं म्हटली, विनवण्या केल्या, आणि जी मला घरात "जा, ग्लाइश" म्हणजे 'हो, येतेच' आणि "एगाल" म्हणजे 'काहीही चालेल' यापलीकडे उत्तर देत नसे, ती रांगेत तासतासभर मराठीत गॉसिप करायची.

आणि एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, काय करून राहिली तू?"

अख्खं वाक्य! मराठीत! माझ्या डोळ्यांत पाणी येणार एवढ्यात लक्षात आलं, हे वाक्य माझं नाही. ते नागपूरचं आहे. मी इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली भाषा तिनं घेतलीच नव्हती. तिनं मेश्रामताईंची घेतली होती.

व्हिडिओ कॉलवर माझ्या आईनंही ते ऐकलं. "ही कुठली गं बोली? कोण शिकवतं तिला?"

"मेश्रामताई."

"कोण मेश्राम?"

आईच्या त्या 'कोण'मध्ये आडनावाची चौकशी होती, ती मला बरोबर ऐकू आली. मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात हुशार बाई आहेत." आईला गप्प करायला म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर अधिकच चडफडले, कारण ते खरं होतं.

झुणक्याचंही तेच. घरी केचप घातलेल्या नूडल्सखेरीज कशाला हात न लावणारी मुलगी पार्कच्या बाहेर गवतावर बसून ताईंच्या डब्यातला झुणका नाक पुसत पुसत खायची. मी घरी केला. उत्तम झाला होता, नितीननं दोनदा घेतला. राहीनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "नाइन, नाही, तसा नाही." कसा नाही, हे तिला सांगता येईना. मला समजत होतं.

एकदा मी ठरवलं की बस्स झालं. एका मे महिन्यात मी ताईंना म्हटलं, "आज मी बसते राहीशेजारी." त्या लगेच बाजूला झाल्या. कोस्टर मध्यमच होता. दांडी खाली आली तेव्हाच मी डोळे मिटले, ते थेट थांबल्यावर उघडले. उतरले ती तीन पावलं चालून फुलांच्या ताटव्यात ओणवी झाले. पुढचं सांगत नाही. पार्कचा एक मुलगा चाकाची खुर्ची घेऊन धावत आला. राही माझ्यापासून दहा हात लांब जाऊन, या बाईला आपण ओळखत नाही, अशा चेहऱ्यानं उभी राहिली.

ताई मात्र सगळ्यांसमोर माझ्या शेजारी मातीत बसल्या. बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. "डोळे मिटले होते ना तू? मग पोटाला समजतच नाही काय होऊन राहिलं ते. घाबरायचं, पण बघत बघत घाबरायचं." मग स्वतःच्या ओढणीनं माझं तोंड पुसलं. त्या वेळी त्यांनी मला हसायला हवं होतं. एक टोमणा मारायला हवा होता. माणसानं इतकंही चांगलं वागू नये, दुसऱ्याची पंचाईत होते.

ओहायोचं नाव मात्र मी अगदी पहिल्या वर्षापासून ऐकत होते. बायका माहेरचं नाव घेतात तसं त्या ओहायोचं नाव घ्यायच्या. अमेरिकेत आणखीही राज्यं आहेत, त्यांना फक्त ते एक हवं होतं. मक्याच्या शेतांतून उगवलेले ते उंचच उंच पोलादी कोस्टर, तलावाकाठचे जुने लाकडी कोस्टर, कुठला आधी करायचा, कुठला शेवटी, सगळं तोंडपाठ. "सगळी अमेरिका नको बाप्पा. एक राज्य, पण पूर्ण," असं म्हणायच्या. राही चौदाची झाली त्या वर्षी एका रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या आणि भात कालवता कालवता म्हणाल्या, "उन्हाळ्याच्या सुट्टीत राहीला घेऊन जाऊ का ओहायोला?"

राही खुर्चीतून उडालीच. नितीन म्हणाला, "गेनाऊ! अगदी बरोबर! हेच तर वय आहे!"

मी म्हटलं, "मीपण येणार."

राहीनं जर्मनमध्ये विचारलं, की आई, तू तिथं येऊन करणार काय?

"बाकावर बसणार."

"येऊ दे की," ताई म्हणाल्या. "बाकावर बसायलाही आपलं माणूस लागतं."

आम्ही तिघी गेलो. विमानात राही आणि ताई शेजारी, मी पलीकडच्या रांगेत. पहिल्या दिवशी सकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत राही वॉफलच्या मशीनपाशी रमली होती. ताईंनी कागदी कप बाजूला सरकवला.

"मुग्धा, एक सांगायचं राहिलं. मी बसणार नाही."

"कशात?"

"कशातच. डोळ्याचा पडदा सुटायला आला होता. लेझर केलं. डॉक्टर म्हणाली, आख्टरबान बंद. कायमची."

"हे कधी झालं?"

"तिकिटं काढल्यावर."

"मग आलात कशाला, ताई?"

"पोरीला शब्द दिला होता." मग कागदी कप पुन्हा जवळ ओढत म्हणाल्या, "आणि ओहायो आहे ना."

मी मूर्खासारखं विचारलं, "मग राहीशेजारी कोण बसणार?"

"तू आहेस की."

खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची दया आली नाही. आधी आला तो संताप. सहा वर्षं मला ती जागा हवी होती. पण ती मला मिळवून हवी होती. गाडीत कुणी उठून 'बस गं' म्हणून द्यावी तशी नको होती. त्यातही पुन्हा मोठेपणा त्यांचाच!

राहीला सांगितलं तेव्हा ती दुपारपर्यंत ताईंशी बोलली नाही. आधी का नाही सांगितलं, म्हणून. मग पहिल्याच कोस्टरच्या रांगेत मी तिच्याशेजारी उभी राहिले. तिनं चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू परीक्षेला बाई बदलून आल्यात. "आई, तू परत..."

"नाही होणार," मी म्हटलं.

नाही झालं. मी डोळे उघडे ठेवले. मला आवडलं असं म्हणणार नाही. प्रत्येक चढावर मी माझ्या सगळ्या चुकांची देवाजवळ माफी मागितली. पण बघत बघत घाबरले, आणि पोट जागेवर राहिलं. पुढचे दिवस हेच चाललं. मक्याच्या शेतांतून ताई भाड्याची गाडी हाकायच्या, एका पार्कातून दुसऱ्या पार्कात. आम्ही वर, त्या खाली.

आणि खाली उतरलो की काय व्हायचं? राही मला मागे टाकून धावत सुटायची आणि ताईंसमोर जाऊन उभी राहायची. ताई डोळे मिटून घ्यायच्या. "हं, सांग. पहिल्या उतारावर?" "उचललं, मावशी! पूर्ण! दांडीला मांड्या लागल्या!" "आणि वळणावर?" "डावीकडे इतकं दाबून राहिलं होतं ना..." सगळं नागपुरीत, हातवारे करकरून. ताई मिटल्या डोळ्यांनी वळणाबरोबर डावीकडे कलायच्या. मी मागून लटपटत यायचे, केस सारखे करायचे. जीव मुठीत धरून बसायचं मी, आणि गोष्ट सांगायची तिनं, तीही दुसऱ्या बाईला! मला कुणी विचारतच नव्हतं. जागा मिळूनही काही मिळालं नव्हतं.

ताईंच्या चेहऱ्यावर मात्र एक सुरकुती हलत नव्हती. आमच्यासाठी लिंबू सरबत धरून ठेवायच्या. शेजारच्या अमेरिकन आजोबांशी लाकडाच्या खांबांवर गप्पा मारायच्या. "खालूनही छान दिसतं हं," म्हणायच्या. हे वाक्य जरा जास्तच वेळा म्हणायच्या, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी माझ्याच दुःखात होते.

त्याच हिवाळ्यात त्या निवृत्ती घेऊन नागपूरला गेल्या. राही दर रविवारी त्यांना फोन करते, खोलीचं दार लावून. दाराबाहेर मला हसणं तेवढं ऐकू येतं. मी नागपूरला त्यांच्या घरीही जाऊन आले. भावजयीच्या संसारात त्या मजेत आहेत, मला पोटभर वाढलं, स्टेशनवर सोडायला आल्या. पण मेश्रामताई म्हटलं की मला नागपूरच्या आठवत नाहीत. आठवतो तो ओहायोतला शेवटचा दिवस.

तलावाकाठचा जुना लाकडी कोस्टर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. पांढऱ्या रंगाचा, लांबलचक, जरासा करकरणारा. तो झाला की राज्य पूर्ण. आम्ही तिथं पोचलो आणि राहीनं पाय रोवले.

"मावशी, तू नाही तर मीपण नाही. हा आपण सोडून देऊ. तुझ्यासाठी."

मला वाटलं, ताई तिला जवळ घेतील. त्या ताडकन उभ्या राहिल्या. "अबे, माझ्यासाठी उपास करून राहिली का तू? मी मेले का? चल, चष्मा दे इकडे." आवाज इतका चढला, की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. राही रडवेली झाली. ताईंनी तिच्या नाकावरून चष्मा स्वतःच काढून घेतला, आमच्या दोन्ही सॅक ओढून घेतल्या आणि मला म्हणाल्या, "मुग्धा, ने हिला. शेवटच्या रांगेत बसा."

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. दांडी खाली आली. डबे हळूहळू चढायला लागले, खालून साखळीचा कटकट आवाज. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला फरसबंद चौक आणि बाकांची रांग. मी निळं जॅकेट शोधलं. सापडलं.

बाकावरची सगळी माणसं माना वर करून आमच्याकडे बघत होती. मेश्रामताई एकट्या उलट्या फिरून बसल्या होत्या. कोस्टरकडे पाठ, तोंड आइस्क्रीमच्या टपरीच्या मागच्या भिंतीकडे. दोन्ही सॅक मांडीवर, त्यांवर हात आणि मान खाली. मला चेहरा दिसायची गरज नव्हती. त्या बाकाची आणि त्या पाठीची मला पुरती ओळख होती. ही बाई कधीतरी माझ्यावर अशी जळावी, हे मी किती वर्षं मनातल्या मनात मागत आले होते. आता ते समोर होतं आणि मला ते बघवेना.

"आई," राही म्हणाली. चष्म्याशिवाय तिला चार हातांपलीकडचं सगळं धूसर दिसतं. ती डोळे बारीक करून खाली शोधत होती. "मावशी दिसते का तुला?"

"दिसते ना."

"बघून राहिली का आपल्याकडे?"

साखळीचा आवाज संपत आला होता. पुढचे डबे माथ्यावरून पलीकडे वाकले होते.

"हो गं," मी म्हटलं. "कधीची बघतेय. दोन्ही हात हलवतेय."

राहीनं दांडी सोडली, त्या धुरकट बाकांकडे तोंड करून दोन्ही हात उंच हलवले, आणि आम्ही खाली गेलो.